वाट पाहायची मुदत

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या चिडण्याचा हात होता आणि माझ्या दयाळूपणाचाही. त्यातल्या त्यात जास्त नुकसान दयाळूपणानं केलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात दिसलं की पुढची ओळ वाचायची गरज पडत नसे. मी अमरावतीला संगणकाचं शिकून, दोन वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले होते आणि एका बाजार समितीत कंत्राटी कामावर लागले होते. तालुका कुठला ते सांगत नाही, तिथली माणसं अजून रस्त्यात भेटतात. बाबा त्याच समितीत मापारी होते. तीस वर्षं काट्यावर उभं राहून त्यांनी लोकांचा कापूस मोजला होता. मुलगी पुण्याहून येऊन बापाच्याच आवारात कामाला लागली, यावर आमच्या गल्लीत बरंच बोलून झालं. एक-दोघांना मी तोंडावर उत्तर दिलं, तेव्हापासून ते बोलणं माझ्या पाठीमागं होऊ लागलं.

माझं काम होतं रांग मोडण्याचं. कापसाच्या दिवसांत समितीच्या फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहत. दोन दिवस, तीन दिवस. रांगेला नियम होता, पण तो भिंतीवरच्या पाटीत. वजनदार माणसाची गाडी मागून यायची आणि थोड्या वेळानं पुढं दिसायची. ज्याच्या पाठीशी कोणी नाही तो आपोआप मागं जायचा. बाबा काट्यावरून हे सगळं बघत. त्यांच्या हातात तराजू होता, रांग नव्हती. घरी जेवायला बसले की म्हणायचे, "आजबी सरकवल्या गाड्या." आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून मागं सरकवलं जाणं हा विषय आमच्या घरात कोणी हसण्यावारी नेत नसे. त्या दिवशी बाबांना जेवण कमी जायचं.

म्हणून त्या वर्षी समितीनं नवीन पद्धत आणली तेव्हा सगळ्यात जास्त खूश बाबा झाले. शेतकऱ्यानं आपल्या गावातल्या इंटरनेट केंद्रावर जायचं, नोंदणी करायची, नंबर घ्यायचा. नंबरावर दिवस आणि वेळ. त्या दिवशी त्या वेळेला गाडी आणायची, मोजून द्यायची, घरी जायचं. नोंदणी रोज सकाळी आठला उघडणार, आणि त्या दिवसापुरत्या जागा संपल्या की बंद होणार. प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीनं जावामध्ये लिहून दिला होता. तो ज्या सर्व्हरवर चालायचा तो आमच्याच कार्यालयात, जुन्या दप्तराच्या खोलीत, कूलरसमोर ठेवलेला. त्याला सांभाळायचं काम माझं.

"मशीन कोनाची गाडी कोनाची हे पाह्यत नाही ना?" बाबांनी मला तीनदा विचारलं होतं.

"नाही बाबा. जो आधी आला त्याला आधीचा नंबर."

"मंग बरं हाय," ते म्हणायचे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच विचारायचे.

आता त्या सर्व्हरमध्ये एक फाइल असते. तिच्यात कनेक्टर नावाची काही ओळींची जागा असते. बाहेरून येणाऱ्या माणसाला कुठल्या दारानं आत घ्यायचं, एका वेळी किती जणांशी बोलायचं आणि समोरचा गप्प राहिला तर किती वेळ वाट पाहायची, हे सगळं त्या ओळींत लिहायचं. आत काम करणाऱ्यांना थ्रेड म्हणतात. तुम्ही त्यांना खिडकीमागचे कारकून समजा. आमच्याकडं असे दीडशे कारकून होते. एक माणूस, एक कारकून. माणूस उठला की कारकून पुढच्याला घ्यायला मोकळा.

वाट पाहायची मुदत कंपनीनं वीस सेकंद ठेवली होती. मला ते आवडलं नाही. पुण्यात बसून वीस सेकंद ठरवायला काय जातं? आमच्या खेड्यांतली लाइन मला माहीत होती. ढग आला की बंद, वारा आला की बंद, आणि चालू असली तरी ऊन खात चालल्यासारखी. बिचारा शेतकरी नोंदणी करायला बसेल, लाइन अडकेल आणि आमचा सर्व्हर वीस सेकंदांत त्याला बाहेर काढेल? मी वीस सेकंद खोडून तीन मिनिटं केली. मिलिसेकंदात लिहायचं असतं, म्हणून एक लाख ऐंशी हजार. तो आकडा टाइप करताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. शिवाय मी पानावर आणखी एक सोय करून घेतली होती. आज किती जागा उरल्या, तो आकडा दर अर्ध्या मिनिटानं आपोआप ताजा व्हायचा. लपवाछपवी नको, सगळ्यांना दिसू दे, असा माझा विचार.

गुरुवारी नोंदणी उघडली. आठ वाजून पाच मिनिटांनी सगळं ठप्प झालं.

मशीन गरमसुद्धा झालं नव्हतं. आत जवळजवळ काहीच काम चाललेलं नव्हतं आणि तरी एकही नवा माणूस आत येत नव्हता. मला कळेना. पुण्याला फोन लावला. तिकडचा माणूस थंडपणे म्हणाला, "मॅडम, थ्रेड कमी पडतायत, वाढवा." मी दीडशेचे सहाशे केले. शुक्रवारी सकाळी सहाशे कारकुनांच्या ओझ्यानं आमचं ते छोटं मशीन जे बसलं ते दिवसभर उठेचना. नोंदणी झाली ती फक्त अठरा जणांची.

सचिव साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा फोन दोन दिवस सारखा वाजत होता आणि फोन करणारे सगळे तेच होते, ज्यांना जुनी रांग सोयीची होती.

"पाह्य बाई," ते म्हणाले, "सोमवारी चाललं तं चाललं. नाही चाललं तं मंगळवारपासून पह्यलेवानी रांग. मले वरतून सांगतलं आता."

बाहेर येऊन मी पुन्हा पुण्याला फोन केला. तो माणूस या वेळी म्हणाला, "तुमच्याकडचे लोक खूप विंडोज उघडून ठेवतायत असं दिसतंय. त्यांना सांगा ना, उघडू नका." तुमच्याकडचे लोक! मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं की त्यानं काहीतरी उपयोगाचं सांगितलंय. आणि मग माझा राग त्याच्यावरून निघून आपल्याच लोकांवर गेला. कशाला उघडून ठेवतात? आपण त्यांच्यासाठी जीव टाकतो आणि हे!

शनिवारी सकाळी मी बाबांची मोटारसायकल घेतली आणि कळंबच्या रस्त्यावरच्या एका गावी गेले. तिथल्या केंद्रावरून सगळ्यात जास्त खिडक्या उघडलेल्या दिसत होत्या. पोचले तेव्हा सात वाजले होते, नोंदणीला अजून तासभर होता. केंद्र म्हणजे एका घराची पुढची खोली. चालवणारी माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी बाई होती, चार एकर कापूसही तीच करत होती. ओसरीवर चपलांची रांग लागली होती. चपला होत्या, माणसं इकडं-तिकडं. कोणी पारावर, कोणी म्हशीला पाणी पाजायला गेलेलं. आत संगणक एकच, पण पडद्याच्या खालच्या पट्टीवर आमच्याच पानाच्या अकरा खिडक्या उघडलेल्या. शेजारी वहीत पहिली कोणाची, दुसरी कोणाची, असं अक्षर लावून लिहिलेलं.

"ह्या काय उघडून ठेवल्या?" मी आत शिरताच म्हणाले. माझी ओळखही दिली नाही. "नोंदणी आठला आहे. आतापासून कायले?"

"ज्याच्या त्याच्या नावानं लावून ठेवल्या," ती म्हणाली. "तुमी कोन?"

मी सांगितलं कोण ते. आणि तिच्या हातातला माउस घेऊन पहिली खिडकी सरळ बंद करून टाकली.

दारात एक म्हातारे बाबाजी उभे होते. त्यांचा चेहरा पडला. "माह्यावाली होती ते," एवढंच म्हणाले. "मी पाच वाजता आलो होतो."

ती बाई ताडकन उठली. मी चिडकी म्हणवते स्वतःला, पण तिच्यापुढं मी काहीच नव्हते.

"नळावर ठेवलेला गुंड असा उचलून फेकते का कोनी? तुमच्या घरी नळ नव्हता का? मानूस पाच वाजता येऊन ठेवून गेला अन् तुमी शिकल्या-सवरल्या येऊन फेकून देल्ला!"

मला एवढी लाज आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे. आमच्या घरी नळ नव्हता. आमच्या वस्तीत एकच सार्वजनिक नळ होता आणि उन्हाळ्यात पहाटे आम्ही रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, रांगेत ठेवून शाळेची तयारी करायला घरी यायचो. पाण्याचा गुंड रांगेत ठेवला म्हणजे माणूसच ठेवला. कोणाचा गुंड कोणी हलवला तर त्या दिवशी वस्तीत भांडण ठरलेलं. मी स्वतः एकीच्या झिंज्या उपटल्या होत्या त्यावरून. आणि इथं ही माणसं तेच करत होती. पान उघडून ठेवलं की आपली जागा धरली, असं त्यांनी समजून घेतलं होतं. त्यांना तसं नाही म्हणून कोणी सांगितलं होतं? मी तर नव्हतं सांगितलं. तालुक्यात अशी तीसेक केंद्रं. प्रत्येक ठिकाणी दहा-बारा खिडक्या. आठ वाजले न वाजले तोच दीडशेच्या दीडशे कारकून रिकाम्या गुंडांसमोर बसून राहत होते.

मी बाबाजींची माफी मागितली. त्यांची खिडकी पुन्हा उघडून दिली आणि वहीत पहिलीच ठेवली. बाईनं मला पाणी दिलं, पण राग गेला नव्हता.

"मागच्या साली मी स्वतः गेलती गाडी घेऊन," ती म्हणाली. "तीन दिवस. मानसं गाडीखाली लवंडतात, तिथंच आंग धुतात. बाईनं काय करावं? जरा कुठं गेली का गाडी मागं. आली का पुन्हा मागं. शेवटी कापूस घरी घेऊन आली वापस. ह्या वर्षी म्हनलं, नंबर भेटते तं जाऊ. आता हेबी बंद करनार का तुमी?"

"नाही," मी म्हणाले. सोमवारचं मी तिला सांगितलं. सचिव काय म्हणाले तेही सांगितलं. ऐकून ती खाली बसली.

मग तिनं जो प्रश्न विचारला तो पुण्याच्या माणसाला सुचला नव्हता आणि मलाही नाही. "पन आमी उघडून ठेवलं तं तुमच्या मशीनले काय तरास? नळावर गुंड ठेवते तं नळवाला काय त्याच्यासमोर उभा राह्यते?"

खरंच, कशाला उभा राहील?

उभा राहील, कारण मी त्याला तसा हुकूम दिला होता. त्या दिवशीही आठला सगळं अडकलंच; परत येताना गाडीवर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या फाइलीत दोन मुदती असतात. एक पहिली: माणूस दारात आला, पण अजून बोलायला सुरुवात केली नाही, तर किती थांबायचं. दुसरी: त्याचं एक बोलणं झालं, उत्तर दिलं, आता तो पुढचं काही विचारेल म्हणून किती थांबायचं. दुसरी वेगळी लिहिलीच नाही तर सर्व्हर पहिलीचाच आकडा तिथंही लावतो. मी गावाच्या लाइनीची दया येऊन पहिली तीन मिनिटं केली, आणि दुसरीचा विचारही केला नाही. म्हणून उत्तर देऊन झालेला कारकून तीन मिनिटं त्या गप्प खिडकीसमोर बसून राही. आणि तीन मिनिटं संपायच्या आत माझाच तो आपोआप ताजा होणारा आकडा त्याला पुन्हा हाक मारी. संपलं. तो दिवसभर उठत नसे. लोकांची चूक कुठंच नव्हती. माझ्या दोन चांगुलपणांनी मिळून दार अडवलं होतं.

रविवारी मी कार्यालय उघडून घेतलं. बाबा सोबत आले. कारकून पुन्हा दीडशे केले. पहिली मुदत तीन मिनिटं तशीच राहू दिली, ती दया मी सोडायला तयार नव्हते. तिच्याखाली दुसरी ओळ लिहिली आणि तिला दिले दोन सेकंद. म्हणजे खिडकी उघडी असली तर असू दे, ती पडद्यावर दिवसभर राहील, कोणी तिला हात लावणार नाही. फक्त कारकून तिच्यासमोर बसून राहणार नाही. त्या माणसानं बटण दाबलं की कोणीतरी मोकळा कारकून धावत येईल.

तपासायचं कसं? कार्यालयात पाच संगणक होते. मी बाबांना एकासमोर बसवलं. तीस वर्षं तराजूची दांडी धरलेल्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा माउस धरला, तोही असा घट्ट की जणू सुटून पळेल. "इथं दाबा. पुन्हा दाबा. दाबत राहा." एकेका संगणकावर चाळीस-पन्नास खिडक्या आम्ही उघडल्या. मी दप्तराच्या खोलीत सर्व्हरसमोर उभी राहून किती कारकून गुंतलेत तो आकडा बघत होते. आधी जुन्या मुदतीवर करून पाहिलं. आकडा चढत गेला, दीडशेला लागला आणि तिथंच खिळला. मग नवी ओळ घालून सर्व्हर पुन्हा सुरू केला. आकडा तीसपर्यंत चढला. आणि उतरला. बाराला आला. पुन्हा वीस, पुन्हा नऊ. मी ओरडलेच.

"काय झालं?" बाबा घाबरून धावत आले.

"उतरला बाबा! उतरतोय!"

काय उतरतंय ते त्यांना कळलं नाही, पण माझ्याकडं बघून ते हसायला लागले. मग म्हणाले, "अजून दाबू काय?"

सोमवारी आठ वाजता मी नखं खात बसले होते. आठ पाच झाले, आठ दहा झाले. आकडा सत्तरपर्यंत गेला, खाली आला. नोंदण्या सरकू लागल्या. साडेनऊला त्या दिवसाच्या सगळ्या जागा भरल्या आणि पान स्वतःहून बंद झालं. सचिव साहेब दारात येऊन उभे राहिले, पडद्याकडं बघितलं, "हं" म्हणाले आणि गेले. त्यांच्याकडून तो मोठा शब्द होता. यादीत मी त्या बाबाजींचा नंबर शोधला. त्या केंद्रातून पहिला तोच होता. केंद्रावरच्या बाईंचा त्याच गावातून सहावा, दिवस पुढच्या आठवड्यातला, वेळ सकाळी अकरा.

तिच्या नंबराच्या दिवशी मी काम सोडून काट्यापाशी जाऊन उभी राहिले. फाटकाबाहेर फार तर दहा-बारा गाड्या होत्या. अकराला पाच कमी असताना ती स्वतः गाडी हाकत आली. तिच्या मागं एक भला मोठा ट्रॅक्टर आला आणि नेहमीच्या सवयीनं बाजूनं पुढं घुसू लागला. वर बसलेला माणूस तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

बाबांनी काट्यावरून हात वर केला. "नंबर काय तुमचा?"

तो माणूस बघतच राहिला. हा प्रश्न त्याला तिथं कोणी कधी विचारला नसावा. आणि बाबांनीही तो कोणाला विचारला नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं. त्या माणसाचा नंबर दुपारी दोनचा निघाला. ट्रॅक्टर मागं गेला.

तिचा कापूस मोजून साडेबाराला सगळं आटोपलं. पावती हातात घेऊन ती काट्याजवळ उभीच राहिली, काय करावं ते न सुचल्यासारखी. मग तिनं गाडीतून एक मोठं गाठोडं उतरवलं आणि बाबांच्या ओट्यावर सोडलं. ज्वारीच्या भाकरींची चळत, ठेचा, डब्यात चून म्हणजे आमचं पिठलं, वेगळ्या फडक्यात शेंगदाण्याची चटणी.

"एवढ्या?" मी विचारलं.

"तीन दिवसाच्या हाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता भाकरी मोडू लागली. "कागदावर अकरा वाजता लिवलं होतं, मले का खरं वाटते? आता बसा सगळे, खाऊन टाका."

आम्ही बसलो. बाबा, मी, दोन हमाल आणि ती. बाबांनी त्या दिवशी पोटभर खाल्लं. मी घास घेतला आणि मला रडू आलं, ते मी ठेच्यावर ढकललं. भाकरी तरी उरल्याच. त्या बांधता बांधता ती म्हणाली, "पुढल्या साली एकाच येळच्या आनीन."